पाय थांबले, मन धावू लागले

२३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातील दहावीच्या मुलांचा शेवटचा पेपर व्हायचा होता. विषय भूगोल. तो पेपर झालाच नाही. आधी तो पुढे ढकलला गेला आणि एप्रिलमध्ये रद्द झाला. इतर विषयांच्या गुणांवरून सरासरी काढून भूगोलाचे गुण द्यायचे ठरले. मुलांनी प्रथम टाळ्या वाजवल्या. पेपर रद्द होणे यापेक्षा मोठे भाग्य सोळा वर्षांच्या वयात दुसरे कोणते?

पण दहावीचा शेवटचा पेपर हा नुसता पेपर नसतो. तो संपला की दप्तर कोपऱ्यात फेकून मैदानावर धावायचे असते. पोहायला जायचे असते, मामाच्या गावी जायचे असते, मित्रांबरोबर उगाच सायकलवरून गावभर भटकायचे असते. त्या वर्षी यांतले काहीच झाले नाही. २४ मार्चच्या मध्यरात्रीपासून सारा देश २१ दिवसांसाठी बंद झाला, आणि ते २१ दिवस पुढे वाढतच गेले. मैदानांना कुलपे लागली, तरणतलाव कोरडे पडले, तालमी आणि व्यायामशाळा बंद झाल्या. सोसायटीच्या आवारात चेंडू घेऊन उतरलेल्या मुलांना वरच्या मजल्यावरून ओरडा पडू लागला. काही शहरांत विनाकारण बाहेर पडलेल्यांना पोलिसांनी भर रस्त्यात उठाबशा काढायला लावल्याची दृश्ये घरोघरी दूरचित्रवाणीवर दिसली. ज्या वयात व्यायामाची गोडी लागायची, त्या वयातील मुलांना उठाबशा दिसल्या त्या शिक्षा म्हणून.

मग घरोघरी एक चित्र दिसू लागले. दुपारचे बारा वाजलेले, मुलगा अजून अंथरुणात, हातात मोबाईल. आई स्वयंपाकघरातून म्हणते, ‘‘अरे, लोळत काय पडलायस दिवसभर? उठ, जरा अंग हलव.’’ पांघरुणातून उत्तर येते, ‘‘कशाला? जायचंय कुठे?’’

या उत्तरावर कुणाकडेच उत्तर नव्हते. बाबा म्हणाले, ‘‘आळशी झालाय.’’ आजोबा म्हणाले, ‘‘आमच्या वेळी असं नव्हतं.’’ आणि रात्री दोन वाजता तोच मुलगा छातीवर हात ठेवून बसलेला, धडधड मोजत, आपल्याला श्वास नीट घेता येतोय की नाही हे तपासत होता, ते मात्र कुणाच्या लक्षात आले नाही.

आळस नव्हे, धास्ती

त्या वर्षी प्रत्येक घरात भीती होतीच. पण मोठ्यांच्या भीतीला नाव होते. नोकरी राहील का, म्हाताऱ्या आईला लागण झाली तर काय, घरभाडे कसे भरायचे. तरुण मुलांची भीती मात्र आकार नसलेली होती. परीक्षा होणार की नाही? झाली तर कधी? अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठीची जेईई मुख्य परीक्षा एप्रिलऐवजी सप्टेंबरमध्ये झाली. वैद्यकीय प्रवेशासाठीची नीट परीक्षा ३ मेवरून जुलैवर आणि जुलैवरून १३ सप्टेंबरवर गेली. पदवीच्या शेवटच्या वर्षाची परीक्षा घ्यायची की नाही हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला आणि ती घ्यावीच लागेल असा निर्णय ऑगस्टअखेरीस आला. ज्या मुलांनी दोन-दोन वर्षे एकाच तारखेवर डोळे लावले होते, त्यांच्या पायाखालून ती तारीखच वारंवार सरकत राहिली.

राजस्थानातील कोटा शहरात शिकवणीसाठी राहणाऱ्या हजारो मुलांची स्थिती तर आणखी वेगळी होती. देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेली ही मुले वसतिगृहांच्या लहान खोल्यांत अडकून पडली. शिकवणीचे वर्ग बंद, रेल्वे बंद, घर शेकडो मैल दूर. एप्रिलमध्ये एकामागून एक राज्यांनी आपापल्या मुलांना आणण्यासाठी बसगाड्या पाठवल्या. महाराष्ट्रातील मुलांना आणायला धुळ्याहून एस.टी.च्या गाड्या गेल्या. ती मुले घरी पोहोचली तेव्हा आईबापांचा जीव भांड्यात पडला. पण घरी आल्यावर पुन्हा विलगीकरण, पुन्हा एक खोली, पुन्हा एक खिडकी.

चिंता ही वाईट गोष्ट नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी पोटात गोळा येतो म्हणूनच माणूस पुस्तक उघडतो. परंतु चिंतेला कारण उरले नाही तरी ती उरते, झोप उडवते, भूक मारते, माणसांत मिसळू देत नाही, आणि हे आठवडेच्या आठवडे चालते, तेव्हा ती साधी चिंता राहत नाही. टाळेबंदीच्या काळात या उंबरठ्यावर किती मुले येऊन उभी राहिली, याची मोजदाद जगभर झाली आहे.

आकडे काय सांगतात?

साथीचा उगम ज्या वुहान शहरात झाला त्या चीनच्या हुबेई प्रांतात, घरात कोंडल्या गेलेल्या २,३३० शाळकरी मुलांची पाहणी २०२० च्या सुरुवातीलाच झाली. मुले सरासरी महिनाभर घरात होती. त्यांपैकी जवळजवळ १९ टक्के मुलांत चिंतेची आणि २२ टक्क्यांहून अधिक मुलांत उदासीनतेची लक्षणे आढळली. पुढे निरनिराळ्या देशांतील २९ पाहण्या एकत्र करून सुमारे ८१ हजार मुलामुलींचा हिशेब मांडण्यात आला. तो २०२१ च्या ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार दर पाच मुलांमागे एका मुलात चिंतेची आणि दर चारांमागे एका मुलात उदासीनतेची ठळक लक्षणे होती. साथीपूर्वीच्या अंदाजांच्या हे प्रमाण जवळजवळ दुप्पट होते. मोठ्या वयाच्या मुलांत आणि विशेषतः मुलींत ते अधिक होते. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये सांगितले की, साथीच्या पहिल्या वर्षात जगभरात चिंता आणि नैराश्य यांचे प्रमाण २५ टक्क्यांनी वाढले, आणि त्याचा अधिक फटका तरुणांना आणि स्त्रियांना बसला.

आपल्या देशात एन.सी.ई.आर.टी.ने जानेवारी ते मार्च २०२२ या काळात सहावी ते बारावीच्या सुमारे ३ लाख ८० हजार विद्यार्थ्यांची पाहणी केली. तुला कशाची चिंता वाटते, या प्रश्नाला ८१ टक्के मुलांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल हे उत्तर दिले. म्हणजे विषाणूची भीती ओसरत आली तरी गुणांची भीती जागच्या जागी होती.

आता दुसरी बाजू. शांघाय शहरातील सुमारे २,४०० मुलांच्या पाहणीत असे दिसले की, साथीपूर्वी आठवड्याला साधारण ५४० मिनिटे हालचाल, खेळ, व्यायाम करणारी मुले बंदीच्या काळात अवघ्या १०५ मिनिटांवर आली. म्हणजे दिवसाकाठी सव्वा तासाहून अधिक असलेली हालचाल पाव तासावर आली. अनेक देशांतील पाहण्या एकत्र केल्यावर मुलांची शारीरिक हालचाल एकंदरीत सुमारे २० टक्क्यांनी घटल्याचे दिसले. आणि ही घट कुठून झाली? आधीच कमी असलेल्या साठ्यातून. २०१६ ची माहिती घेऊन २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक पाहणीनुसार ११ ते १७ वयाची ८१ टक्के मुले पुरेशी हालचाल करत नव्हती. भारतात हे प्रमाण सुमारे ७४ टक्के होते. थोडक्यात, साथ येण्यापूर्वीच आपल्या चार मुलांपैकी तीन मुले बसून होती. साथीने उरलेल्या एकालाही बसवले.

शरीर पळायला तयार, पण पळणार कुठे?

या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्या हा निव्वळ योगायोग का? त्याचे उत्तर शरीराच्या रचनेत दडलेले आहे.

माणसाला धोका जाणवला की मेंदूतील बदामाच्या आकाराचा एक छोटा भाग, ज्याला अमिग्डला म्हणतात, धोक्याची घंटा वाजवतो. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींमधून ॲड्रेनलिन रक्तात मिसळते. हृदय जोराने धडधडू लागते, श्वास वाढतो, हातापायांच्या स्नायूंकडे जास्त रक्त जाते, पोटातील पचनाचे काम मंदावते. हे सारे कशासाठी? पळण्यासाठी किंवा लढण्यासाठी. समोर वाघ असेल तर ही व्यवस्था प्राण वाचवते. माणूस जीव घेऊन धावतो, धोका टळतो, दमलेले शरीर पुन्हा शांत होते. चक्र पूर्ण होते.

पण धोका वाघाचा नसून मोबाईलवर दर तासाला येणाऱ्या मृतांच्या आकड्याचा असेल तर? घंटा तशीच वाजते. हृदय तसेच धडधडते. स्नायू तसेच ताणले जातात. पण पळायला जागा नसते आणि लढायला शत्रू नसतो. मुलगा पलंगावरच असतो. शरीराने केलेली सगळी तयारी वाया जाते आणि चक्र अर्धवट राहते. मग मेंदू उलट दिशेने विचार करतो: छाती धडधडते आहे, त्या अर्थी नक्कीच काहीतरी भयंकर होणार आहे. धडधडीची भीती वाटते, आणि भीतीने धडधड आणखी वाढते. त्या काळात तर श्वास लागणे हे खुद्द आजाराचेच लक्षण होते. त्यामुळे कितीतरी तरुण मुलामुलींनी चिंतेने चढलेल्या श्वासाला कोरोना समजून रात्री जागून काढल्या.

व्यायाम येथे काय करतो? पहिली गोष्ट, तो अर्धवट राहिलेले चक्र पूर्ण करतो. ताणलेले स्नायू वापरले जातात आणि वापरानंतर सैल पडतात. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. दोरीवरच्या शंभर उड्या मारल्यावरही छाती धडधडते, श्वास फुलतो, घाम सुटतो. लक्षणे तीच, पण त्यांचा शेवट वेगळा. पाच मिनिटांत सारे आपोआप शांत होते. हा अनुभव पुनःपुन्हा घेतला की मेंदूला कळते की धडधड म्हणजे संकट नव्हे. चिंतेवर उपचार करणारे मानसतज्ज्ञ हे तत्त्व मुद्दाम वापरतात. तिसरी गोष्ट झोपेची. दिवसा शरीर दमले आणि सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की रात्रीची झोप वेळेवर येते. झोप झालेला मेंदू छोट्या गोष्टीला डोंगर समजत नाही. चौथी गोष्ट साधीच, पण फार मोलाची आहे. ज्या दिवसांत काहीच आपल्या हातात नव्हते, त्या दिवसांत काल वीस बैठका आणि आज पंचवीस, एवढे तरी आपल्या हातात होते.

आधी कोंबडी की आधी अंडे?

येथे एक सावधगिरी हवी. जी मुले हालचाल करत होती त्यांना चिंता कमी होती, असे अनेक पाहण्यांत दिसले. पण यावरून व्यायामानेच चिंता कमी झाली असे ठामपणे म्हणता येत नाही. त्या काळातील बहुतेक पाहण्या एकदाच प्रश्नावली पाठवून केलेल्या होत्या. कदाचित उलटही असेल. ज्याचे मन आधीच खचले आहे तो अंथरुणातून उठणारच नाही. ज्याच्या घराला अंगण आहे, वडिलांचा पगार चालू आहे, त्याला हालचालही सोपी आणि चिंताही कमी.

खरे पाहता दोन्ही दिशा खऱ्या आहेत, आणि म्हणूनच हे दुष्टचक्र ठरते. हालचाल थांबली की मन खचते, मन खचले की हालचाल थांबते. चक्र तोडायचे तर कुठेतरी बोट घालावे लागते. मनाला ‘शांत हो’ असे सांगून ते शांत होत नाही, हे प्रत्येकाने अनुभवले आहे. पायाला ‘चल’ म्हटले तर तो निदान चालू शकतो. म्हणून सुरुवात पायापासून करणे सोयीचे.

व्यायामाला सर्वरोगहारी मुळी समजू नये, हेही तितकेच खरे. स्वीडनमध्ये ‘व्हासालोपेट’ नावाची ९० किलोमीटरची, बर्फावरून घसरत जाण्याची शर्यत भरते. त्या शर्यतीत भाग घेणारे आणि न घेणारे अशा जवळजवळ चार लाख लोकांची, २१ वर्षांपर्यंतची वैद्यकीय नोंद तपासून २०२१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शर्यतीत उतरणाऱ्या लोकांमध्ये चिंताविकार सुमारे ६० टक्क्यांनी कमी आढळले. पण त्यातच एक विचार करायला लावणारी गोष्ट निघाली. शर्यतीतील सर्वांत वेगवान स्त्रियांमध्ये, त्याच शर्यतीतील संथ स्त्रियांच्या तुलनेत, चिंताविकाराचे प्रमाण जवळजवळ दुप्पट होते. म्हणजे हालचाल मनाला हितकारक असली, तरी जिंकलेच पाहिजे हा ध्यास तितकाच हितकारक असेल असे नाही. परीक्षेच्या गुणांनी पिचलेल्या मुलाच्या हातात आता पावले मोजणारे घड्याळ देऊन ‘‘दहा हजार झाली का?’’ असे रोज विचारणाऱ्या पालकांनी हे ध्यानात ठेवावे.

कुणाचे किती गेले?

टाळेबंदी सर्वांना सारखी होती असे म्हटले जाते, पण ते खरे नाही. बंगल्यात राहणाऱ्या मुलाला गच्ची होती. फ्लॅटमधल्या मुलाला निदान जिना होता. मुंबईतील दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसांबरोबर राहणाऱ्या मुलाला हात पसरायलाही जागा नव्हती. त्याला ‘घरच्या घरी व्यायाम करा’ हा सल्ला कसा वाटला असेल? खेड्यांत शेत होते, गुरे होती, मोकळे आकाश होते. पण तिथल्या कितीतरी मुलांना शाळेचा तास पकडण्यासाठी मोबाईलचे नेटवर्क शोधत टेकडीवर चढावे लागत होते. हालचाल झाली, पण चिंता वाढवूनच.

आणि मुली? शाळा, महाविद्यालय आणि शिकवणी ही कितीतरी मुलींसाठी घराबाहेर पडण्याची एकमेव सबळ कारणे असतात. शाळेच्या मैदानावरचा कबड्डीचा तास, महाविद्यालयातील एन.सी.सी.ची परेड, बसथांब्यापर्यंतची मैत्रिणीबरोबरची पायपीट, हे सारे एका रात्रीत गेले. घरात त्यांच्या वाट्याला हालचाल आली नाही असे नाही. केर काढणे, भांडी घासणे, आजारी माणसाचे करणे यांत अंग दमतेच. पण दमणे वेगळे आणि मोकळे होणे वेगळे. भाऊ गच्चीवर पतंग उडवतो आणि बहीण खाली पोळ्या लाटते, दोघेही घामाघूम होतात. हलके मात्र एकालाच वाटते. पुढे बंधने उठली. केंद्र सरकारने ५ ऑगस्ट २०२० पासून व्यायामशाळा उघडायला परवानगी दिली. महाराष्ट्रात त्या २५ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी उघडल्या आणि दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाल्या. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये राज्यातील शाळा टप्प्याटप्प्याने सुरू झाल्या. मुलगे धावत मैदानावर परतले. दीड वर्षात तेरावरून पंधरा वर्षांची झालेली मुलगी परतली का, हा प्रश्न प्रत्येक घराने स्वतःला विचारावा. कारण या वयात एकदा सुटलेले मैदान पुन्हा मिळवणे मुलीला सोपे जात नाही.

ज्यांनी वाट काढली

तरीही वाट काढणारे होतेच. कुणी जिन्याच्या पायऱ्या चढले-उतरले. कुणी कापडी पिशवीत तांदळाचे पुडे भरून वजने उचलली. कुणी आजोबांकडून सूर्यनमस्कार शिकले. एरवी ज्यांचे आपसांत दोन शब्दही होत नव्हते, असे आजोबा आणि नातू सकाळी एकाच चटईवर दिसू लागले. व्यायामशिक्षकांनी मोबाईलसमोर उभे राहून वर्ग घेतले. लंगडी, दोरीवरच्या उड्या, फुगडी, जोर, बैठका. ज्या प्रकारांना यंत्र लागत नाही, जागा लागत नाही आणि पैसाही लागत नाही, असे हे आपले जुने प्रकार त्या दिवसांत खरे उपयोगी ठरले.

या वाट काढणाऱ्यांत काही गोष्टी सारख्या दिसतात. त्यांची वेळ ठरलेली होती. सकाळी सात म्हणजे सात. दिवस आणि रात्र यांतील फरकच पुसला गेला असताना ही एक वेळ दिवसाला कणा देत होती. दुसरे, सोबत होती. भाऊ, आई, शेजारी किंवा पडद्यावर दिसणारा मित्र. एकट्याने उठणे जड जाते, कुणी वाट पाहत असेल तर माणूस उठतो. तिसरे, त्यांनी थोडक्यापासून सुरुवात केली होती. पहिल्याच दिवशी तासभर घाम गाळणारे चौथ्या दिवशी दिसेनासे झाले, दहा मिनिटांवाले टिकले.

आता काय करावे?

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. मुखपट्ट्या गेल्या, मैदाने उघडली. पण त्या दोन वर्षांत लागलेल्या सवयी सगळ्या गेल्या नाहीत. रात्री उशिरापर्यंत मोबाईल, सकाळी उशिरा जाग, एकाच खोलीत दिवस काढणे, चार माणसांत जायचे म्हटले की पोटात गोळा. ज्या मुलाने २०२० मध्ये दहावीचा भूगोलाचा पेपर दिला नाही तो आज विशीत आहे. कुणी नोकरी शोधतो आहे, कुणी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो आहे. त्याच्या घरच्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवल्या तर बरे.

पहिली गोष्ट, प्रमाण. नोव्हेंबर २०२० मध्ये, ऐन साथीत, जागतिक आरोग्य संघटनेने जे नवे मार्गदर्शन दिले त्यानुसार ५ ते १७ वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटे दम लागेल इतपत हालचाल करावी. अठरा वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्याला मध्यम स्वरूपाची १५० ते ३०० मिनिटे, किंवा जोरकस अशी ७५ ते १५० मिनिटे हालचाल करावी. पण त्याच मार्गदर्शनात असेही म्हटले आहे की, काहीच न करण्यापेक्षा थोडेसे केलेलेही चांगले. चिंतेने ग्रासलेल्या मुलाला ६० मिनिटांचा आकडा सांगू नये. ‘‘चल, कोपऱ्यावरून कोथिंबीर घेऊन येऊ,’’ एवढेच म्हणावे आणि बरोबर जावे.

दुसरी गोष्ट, भाषा. ‘‘आळशी’’, ‘‘ऐदी’’, ‘‘नाटकं करतोय’’ हे शब्द घरातून काढून टाकावेत. जे मूल आधीच स्वतःला दोष देत आहे त्याला या शब्दांनी बळ मिळत नाही, ते आणखी आत शिरते. व्यायाम ही शिक्षा नव्हे आणि औषधाचा कडू डोसही नव्हे. तो खेळ असावा, गप्पा असाव्यात, नाच असावा. ज्याला पळणे आवडत नाही त्याला बॅडमिंटन आवडेल, ज्याला तेही नको त्याला ट्रेकला जाणाऱ्या मित्रांचा गट आवडेल.

तिसरी गोष्ट, परीक्षेचे वर्ष. दहावी-बारावीला प्रथम बळी जातो तो खेळाचा. ‘‘यंदा खेळ बंद, अभ्यास कर,’’ हे वाक्य घराघरांत प्रेमानेच उच्चारले जाते. पण चिंता वाढवणारे वर्ष आणि चिंता हलकी करणारी गोष्ट बंद, हा हिशेब बरोबर नाही. संध्याकाळचा पाऊण तास खेळाला दिला तर अभ्यासाचे नुकसान होत नाही. उरलेल्या तासांत डोके ठिकाणावर राहते.

चौथी गोष्ट, आजारपण. ताप, संसर्ग किंवा कोणत्याही मोठ्या दुखण्यातून उठलेल्या मुलाने एकदम जोराचा व्यायाम करू नये. हळूहळू वाढवावा. व्यायाम करताना छातीत दुखले, चक्कर आली तर थांबावे आणि डॉक्टरांना दाखवावे.

पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, व्यायामाची मर्यादा. मूल आठवडेच्या आठवडे झोपत नाही, जेवत नाही, कुणाला भेटत नाही, वारंवार एकाएकी श्वास कोंडल्याची तक्रार करते, किंवा ‘जगून काय उपयोग’ असे चुकूनही बोलते, तर त्याला सकाळी फिरायला नेणे पुरेसे नाही. त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे, विनाविलंब न्यावे आणि लाज न बाळगता न्यावे. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा सुरू केली आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा किंवा रात्री, कोणत्याही वेळी फोन करता येतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीतही बोलता येते. पाय मोडला तर आपण ‘जरा चाल म्हणजे बरा होईल’ असे म्हणत नाही. मनाच्या बाबतीतही तसे म्हणू नये. उपचार सुरू झाले की हालचाल त्यांच्या जोडीला येते, त्यांच्या जागी नाही.

पुन्हा कधी साथ येईल का? कुणी सांगावे! आली तर त्या वेळी अन्नधान्य, औषधे, प्राणवायू यांची तरतूद करावी लागेल, हे आता सर्वांना कळले आहे. त्या यादीत आणखी एक ओळ हवी. मुलांना दिवसातून तासभर, सुरक्षित अंतर राखून, मोकळ्या हवेत पाय मोकळे करता येतील अशी व्यवस्था. बंदी घालणे सोपे असते. वेळा ठरवून, गट पाडून मैदान उघडे ठेवणे कष्टाचे असते. पण ते कष्ट वाया जात नाहीत.

तोपर्यंत आपल्या हातात आहे ते एवढेच. आज संध्याकाळी मुलाच्या खोलीचे दार वाजवावे. ‘‘अंग हलव’’ असे न म्हणता ‘‘मी फिरायला निघालोय, येतोस का सोबत?’’ असे विचारावे. पहिल्या दिवशी तो नाही म्हणेल. दुसऱ्या दिवशीही म्हणेल. तिसऱ्या दिवशी कदाचित चपला शोधू लागेल. वाटेत त्याला काही विचारू नये, नुसते बरोबर चालावे. जी गोष्ट समोरासमोर बसून मुले सांगत नाहीत, ती पुष्कळदा शेजारी चालताना आपणहून सांगतात.